मुलांच्या रहस्यकथामालेवरील विकिपीडिया नोंद कशी सुधारावी: फास्टर फेणेच्या उदाहरणासह

मुलांच्या रहस्यकथामालेवरची ज्ञानकोशातील नोंद सुधारायला बसणारा संपादक बहुधा त्या पुस्तकांवर जीव असणारा वाचक असतो, आणि नोंद बिघडते तीही बहुतेक वेळा त्याच जिव्हाळ्यामुळे. लहानपणी वाचलेले आठवणीतून उतरवले जाते, पात्राचे चरित्र खऱ्या माणसाच्या चरित्रासारखे लिहिले जाते, चित्रपटातली घटना पुस्तकाच्या नावावर जमा होते आणि हाताशी असलेल्या पुनर्मुद्रणाचे साल पहिल्या प्रकाशनाचे म्हणून नोंदले जाते. अशा नोंदीत वाक्ये वाढतात, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

खालील क्रम मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून भा. रा. भागवत यांची फास्टर फेणे ही मालिका घेतली आहे, कारण अशा नोंदीत येऊ शकणाऱ्या बहुतेक अडचणी तिच्यात एकत्र सापडतात. पुस्तके हाती घेणे, टिपणे काढणे, स्वतंत्र स्रोत शोधणे आणि सर्वांत शेवटी लिहिणे असा हा क्रम असून तो उलटा करू नये.

पहिला टप्पा: नोंद कशाविषयी आहे हे ठरवणे

‘फास्टर फेणे’ या दोन शब्दांनी किमान चार गोष्टी ओळखल्या जातात: एक पात्र, त्या पात्राच्या पुस्तकांची मालिका, दूरदर्शनवरची मालिका आणि २०१७ सालचा मराठी चित्रपट. आपण सुधारत असलेले पान यांपैकी कशाचे आहे हे पहिल्या वाक्यात स्पष्ट नसेल, तर पुढची प्रत्येक भर चुकीच्या जागी पडते. म्हणून संपादनाला हात घालण्यापूर्वी पान आणि त्याचे ‘चर्चा’ पान पूर्ण वाचावे, ‘इतिहास पहा’ उघडून मोठ्या भरी कोणत्या काळात पडल्या ते पाहावे आणि चित्रपटासाठी वेगळे पान आहे का ते शोधावे. वेगळे पान असेल तर कलाकारांची यादी आणि गाणी तिकडे जातात, आणि आपल्या पानावर दोन वाक्ये व एक दुवा पुरतो.

विकिडेटावरची (विकिपीडियाच्या वेगवेगळ्या भाषांतली पाने एकमेकांना जोडणाऱ्या माहितीसाठ्यावरची) जोडणीही याच वेळी तपासावी. पात्राची नोंद, पुस्तकमालिकेची नोंद आणि चित्रपटाची नोंद या तिथे वेगवेगळ्या असाव्या लागतात. मराठीतले मालिकेचे पान दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाच्या पानाला जोडले गेले असेल, तर वाचक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताच विषय बदलतो.

तपासणी: ‘ही नोंद … याविषयी आहे’ हे वाक्य एका दमात पूर्ण करता येते का? येत नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये.

दुसरा टप्पा: पुस्तके हाती घेऊन नोंदवही करणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो देणे भाग आहे. मालिकेतले प्रत्येक पुस्तक प्रत्यक्ष उघडून त्याचे एक टिपण करावे. संकेतस्थळांवरच्या विक्रीच्या याद्या पुस्तके शोधण्यासाठी उपयोगी पडतात, पण माहितीचा आधार म्हणून त्या चालत नाहीत. पुणे मराठी ग्रंथालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्थांमध्ये जुनी बालपुस्तके शोधता येतात. मात्र बालविभागातली पुस्तके हाताळून झिजलेली असतात आणि कधीकधी त्यांची नेमकी पहिलीच पाने गेलेली असतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पुस्तकाची प्रत पाठवणे बंधनकारक आहे, त्यामुळे तिथली सूचीही पाहावी. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची १९५० पर्यंतच्या पुस्तकांची आहे. त्यानंतरच्या मालिकेसाठी तिच्यात शोध घेणे व्यर्थ आहे.

प्रत्येक टिपणात पुढील गोष्टी असाव्यात: आतल्या शीर्षकपानावरचे पूर्ण नाव, मुखपृष्ठावरचे नाव (दोन्हींत फरक असू शकतो), प्रकाशक, हातातल्या प्रतीची आवृत्ती आणि तिचे साल, त्या प्रतीत छापलेले पहिल्या आवृत्तीचे साल, मुखपृष्ठकार आणि आतील चित्रांचा चित्रकार, पृष्ठसंख्या, आणि लेखकाचे मनोगत असल्यास त्यातील मालिकेविषयीची विधाने पृष्ठांकासह. मनोगत वगळू नये. मालिका कशी सुरू झाली, एखादी गोष्ट आधी कोणत्या मासिकात आली होती, हे लेखक स्वतः तिथेच सांगून गेलेला असू शकतो, आणि ते इतरत्र सापडेलच याची खात्री नसते.

सालांविषयी तीन सापळे आहेत.

पहिला सापळा शकाचा. जुन्या मराठी पुस्तकांवर प्रकाशनाची तारीख ‘दीपावली, शके १८९०’ अशी छापलेली असते. शके वर्षात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची पद्धत चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरी ठरते. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून शके १८९० ची दिवाळी १९६८ मध्ये येते, पण त्याच शकातला माघ १९६९ मध्ये येतो.

दुसरा सापळा ‘आवृत्ती’ या शब्दाचा. मराठी प्रकाशनव्यवहारात आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि प्रकाशक बदलला की नव्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती ‘पहिली आवृत्ती’ म्हणूनच छापली जाते. ती मालिकेची पहिली आवृत्ती असेलच असे नाही. प्रतीवर तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असेल, तर ती छपाई बहुधा २००७ नंतरची आहे, कारण तेरा अंकांची पद्धत १ जानेवारी २००७ पासून लागू झाली. १९७० च्या दशकातल्या पुस्तकाच्या नावासमोर असा क्रमांक लिहिताना तो कोणत्या छपाईचा आहे हे लिहावेच लागते.

तिसरा सापळा मासिक आणि पुस्तक यांमधल्या अंतराचा. सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा आधी नियतकालिकांतून येत आणि मग पुस्तकरूपाने. ‘बादशाही आंगठी’ ‘संदेश’ मासिकातून १९६६–६७ मध्ये क्रमशः आली आणि पुस्तक १९६९ मध्ये निघाले. मराठी बालकथांच्या बाबतीतही ही शक्यता नेहमी गृहीत धरावी. तक्त्यात ‘प्रथम प्रकाशन’ असा एकच रकाना ठेवला, तर एक संपादक मासिकाचे साल भरतो आणि दुसरा पुस्तकाचे. दोन रकाने ठेवल्यास हा घोळ मुळातच टळतो.

सावधान: हातातल्या प्रतीत पहिल्या आवृत्तीचे साल छापलेले नसेल आणि दुसरीकडेही सापडत नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने भरलेले साल काही महिन्यांत इतर संकेतस्थळांवर जाते आणि मग तीच संकेतस्थळे त्या सालाचा पुरावा म्हणून आपल्याच पानावर जोडली जातात. असे एक साल मी पूर्वी स्वतः लिहिले होते. ते माझ्या पानावरून काढता आले, पण जिथे जिथे पोहोचले होते तिथून काढता आले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तिसरा टप्पा: स्वतंत्र स्रोत जमवणे

पुस्तक स्वतःच्या आशयापुरता पुरावा आहे. मालिका महत्त्वाची का मानली जाते, तिच्यावर टीका काय झाली, मुलांच्या वाचनात तिचे स्थान काय, हे सांगण्यासाठी मालिकेशी हितसंबंध नसलेल्या व्यक्तीने लिहिलेला मजकूर लागतो. बालसाहित्यावरचे समीक्षाग्रंथ, विद्यापीठीय प्रबंध (शोधगंगा या संग्रहात अनेक प्रबंध पाहता येतात), मराठी विश्वकोशातल्या नोंदी आणि वृत्तपत्रांतले लेख या क्रमाने शोध घ्यावा. भागवत यांचे निधन २००१ मध्ये झाले, तेव्हा मृत्युलेखांसाठी त्या वर्षाचे अंक पाहावेत. चित्रपटाच्या निमित्ताने मालिकेवर लिहिले गेलेले लेख २०१७ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या अंकांत शोधावेत.

शोधताना नावांचा घोळ होतो. लेखकाचे पूर्ण नाव भास्कर रामचंद्र भागवत असून सूचींमध्ये ते कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण, कधी आडनाव पुढे घेऊन येते. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार होत्या, त्यामुळे ‘भागवत’ या आडनावाखालची यादी डोळे झाकून उचलल्यास एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या खात्यात जाते. लेखकाचीच दुसरी पात्रेही आहेत. बिपिन बुकलवार हा नायक भागवत यांचाच असल्यामुळे त्याची पुस्तके चुकून फेणेच्या यादीत शिरू शकतात.

प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून पृष्ठसंख्या किंवा किंमत घ्यायला हरकत नाही, पण लोकप्रियतेविषयीचे विधान तिथून घेऊ नये. मलपृष्ठावरचा मजकूर तर घेऊच नये. तो जाहिरातीचा असतो आणि त्यावर कोणाचा तरी प्रताधिकारही असतो.

तपासणी: वेबवरचा लेख स्रोत म्हणून वापरण्यापूर्वी त्यातले एखादे ठळक वाक्य आपल्या पानाच्या इतिहासात शोधावे. ते वाक्य पानावर आधी आणि लेखात नंतर आलेले दिसले, तर तो लेख आपल्याच पानाची नक्कल आहे आणि पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरचे दुवे काही वर्षांत मरतात, म्हणून लेख सापडताच त्याची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करून तो दुवाही संदर्भात द्यावा. छापील अंकासाठी वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती (पुणे, मुंबई इत्यादी), दिनांक, पृष्ठ, लेखाचे शीर्षक आणि लेखक हे सारे नोंदवावे.

चौथा टप्पा: कथेच्या आतले आणि बाहेरचे वेगळे करणे

अशा नोंदींमधली सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘बनेश फेणे हा फुरसुंगीचा राहणारा असून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो’ हे वाक्य गोड वाटते, पण ज्याने पुस्तके वाचलेली नाहीत त्याला त्यातून हा मुलगा कल्पित आहे हे कळत नाही. ‘बनेश उर्फ फास्टर फेणे हे भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेले पात्र असून कथांनुसार तो मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा आणि पुण्यातील विद्याभवन शाळेचा विद्यार्थी आहे’ असे लिहिले की माहिती तीच राहते आणि वाचकाची दिशाभूल होत नाही.

टिपणे काढताना वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डाव्या भागात कथेच्या आत घडणारे लिहावे: पात्रे, स्थळे, घटना, सवयी, फेणेच्या तोंडचा ‘ट्टॉक्’ हा आवाज. उजव्या भागात कथेच्या बाहेरचे लिहावे: कोणी लिहिले, कधी, कोणी छापले, चित्रे कोणाची, समीक्षक काय म्हणाले, रूपांतरे कोणती. दोन्ही भागांचा मजकूर मोजून पाहावा. डावा भाग उजव्याच्या कितीतरी पट निघाला, तर नोंद अजून चाहत्याच्या वहीच्या पातळीवर आहे असे समजावे आणि उजव्या भागासाठी पुन्हा ग्रंथालयात जावे.

कथानक सांगताना क्रियापदे वर्तमानकाळात ठेवावीत: फेणे माग काढतो, त्याचा मित्र सुभाष त्याला गाठतो. प्रकाशनाविषयीची वाक्ये भूतकाळात असावीत. हा भेद पाळला की वाचकाला प्रत्येक वाक्यात आपण गोष्टीच्या आत आहोत की बाहेर हे न सांगता कळते. पात्रांना एकवचन आणि लेखकाला आदरार्थी अनेकवचन वापरावे. मात्र आपण आपसात बोलताना लेखकाला ज्या जवळिकीच्या नावाने संबोधतो ते नाव नोंदीत वापरू नये.

रहस्याची उकल सांगावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा संपादक विचारतो. ज्ञानकोशातील कथानकाचा भाग पूर्ण असावा लागतो, म्हणून जिथे कथानक सविस्तर दिले आहे तिथे गुन्हेगार कोण हेही सांगावे. पण मालिकेच्या नोंदीत प्रत्येक पुस्तकाचे कथानक सविस्तर द्यायची गरजच नसते. दोन वाक्यांत स्थळ, पेच आणि नायकाचा सहभाग आला की पुरे, आणि तेवढ्यात उकल येण्याचे कारण उरत नाही. ‘पुढे काय होते ते पुस्तकातच वाचा’ या प्रकारचे वाक्य मात्र कुठेही नको.

कथानक लिहिताना संहिता कोणती हेही पाहावे लागते. नॅन्सी ड्रू या अमेरिकी मालिकेची पहिली पुस्तके १९३० मध्ये आली आणि १९५९ पासून जुन्या पुस्तकांची नवी, आखूड रूपे त्याच शीर्षकांखाली निघाली, ज्यांतल्या काहींची कथानकेही बदललेली आहेत. अशा वेळी कथानक कोणत्या रूपाचे आहे हे न सांगता दिलेला सारांश दोन्ही वाचकांच्या दृष्टीने चुकीचा ठरतो. मराठी मालिकेच्या जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवून पहिले व शेवटचे प्रकरण ताडून पाहिल्यास असा बदल झाला आहे का ते तासाभरात कळते.

पाचवा टप्पा: पुस्तकांचा तक्ता

फेणेच्या पुस्तकांत नायकाचे नाव शीर्षकात कधी आधी, कधी मध्ये, कधी शेवटी येते: ‘फास्टर फेणे टोला हाणतो’, ‘आगे बढो फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’. अकारविल्हे यादी केल्यास मालिकेचा क्रम पूर्ण विस्कटतो, म्हणून तक्ता प्रथम प्रकाशनाच्या क्रमाने लावावा आणि तो क्रम कशाच्या आधारे लावला हे तक्त्याच्या वर एका वाक्यात लिहावे. नव्या संचावर छापलेले क्रमांक हे प्रकाशनाचेच क्रमांक आहेत असे गृहीत धरू नये.

एकूण संख्या लिहिण्यापूर्वी आपण पुस्तके मोजतो आहोत की गोष्टी, हे ठरवावे. एका पुस्तकात दोन गोष्टी असू शकतात, आणि जुनी दोन पुस्तके नव्या संचात एकत्र बांधलेली असू शकतात. मूळ लेखकानंतर इतरांनी लिहिलेली पुस्तके असतील तर त्यांचा तक्ता वेगळा हवा. एनिड ब्लायटन यांच्या फेमस फाइव्ह मालिकेत त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या २१ आहेत, १९४२ ते १९६३ या काळातल्या. फ्रेंच लेखिका क्लोद व्हॉयलिए यांनी पुढे लिहिलेल्या कादंबऱ्या त्याच आकड्यात मिसळल्या की प्रत्येक ठिकाणी वेगळी संख्या दिसू लागते.

तपासणी: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःचा संदर्भ आहे का? संपूर्ण तक्त्याला शेवटी एकच संदर्भ जोडणे पुरेसे नाही.

सहावा टप्पा: रूपांतरे

इथे कमी लिहावे, पण नेमके लिहावे. दूरदर्शनवरच्या मालिकेत फेणेची भूमिका सुमीत राघवन यांनी केली. २०१७ च्या चित्रपटाचे दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे असून नायक अमेय वाघ आहेत. पुस्तकांतला फेणे शाळकरी मुलगा आहे. चित्रपटातला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. चित्रपटात स्वतः भा. रा. भागवत हे एक पात्र असून ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. एखाद्याने चित्रपट पाहून ‘फेणे भागवत यांच्याकडे राहिला होता’ असे मालिकेच्या वर्णनात लिहिले, तर ते वाक्य काढण्याऐवजी ‘चित्रपटात’ हा शब्द जोडून रूपांतरांच्या भागात न्यावे. भर घालणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत आणि माहिती आपल्या जागी बसते.

सातवा टप्पा: प्रस्तावना आणि चित्र

प्रस्तावनेचा परिच्छेद सर्वांत शेवटी लिहावा, कारण तो खालच्या मजकुराचा गोषवारा असतो. खाली नसलेली एकही गोष्ट त्यात नसावी. ‘अजरामर’, ‘अफाट लोकप्रिय’, ‘कित्येक पिढ्यांवर गारूड’ हे शब्द सापडतील तिथे खोडावेत आणि त्या जागी कोणी, कुठे, कधी काय म्हटले ते द्यावे. मालिकेवर प्रेम असणाऱ्याला हे शब्द खोडताना जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण नेमक्या तारखा आणि नेमके आधार यांनी ती मालिका अधिक भक्कमपणे उभी राहते.

मुखपृष्ठाचे छायाचित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवू नये. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो, म्हणजे भागवत यांच्या लेखनावर तो २०६१ अखेरपर्यंत आहे, आणि चित्रकाराचा हक्क त्याहून वेगळा असतो. पुस्तक स्वतः विकत घेतले आणि छायाचित्र स्वतः काढले म्हणून मुखपृष्ठ मुक्त होत नाही.

आठवा टप्पा: जतन करणे

संपूर्ण नवा मजकूर आधी स्वतःच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहावा आणि मग पानावर विभागवार न्यावा: एका वेळी एकच विभाग, आणि प्रत्येक वेळी सारांशाच्या चौकटीत काय बदलले व का हे एका ओळीत. दहा हजार अक्षरांची भर एकाच जतनात टाकल्यास ती कोणालाच तपासता येत नाही, आणि एक चूक सापडली की सगळी भर उलटवली जाण्याची शक्यता असते. जुना मजकूर काढायचा असेल, तर तो चर्चा पानावर ठेवून कारण लिहावे.

जतन झाल्यावर नावाच्या वेगवेगळ्या रूपांसाठी पुनर्निर्देशने (त्या रूपावरून मूळ पानाकडे नेणारी पाने) करावीत: ‘बनेश फेणे’, ‘फास्टर फेणे (पुस्तकमालिका)’, आद्याक्षरांमध्ये जागा असलेले आणि नसलेले लेखकाचे नाव. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकले जाते आणि दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसली तरी संगणकाला वेगळी वाटतात. शीर्षकात ते असेल तर दोन्ही रूपांची सोय करावी.

शेवटी चर्चा पानावर उरलेल्या कामाची यादी ठेवावी: कोणत्या पुस्तकाची पहिली आवृत्ती पाहायला मिळाली नाही, कोणत्या चित्रकाराचे नाव फक्त एकाच प्रतीत सापडले, कोणत्या सालाला अजून दुसरा आधार हवा आहे. ज्याच्या घरातल्या कपाटात ती जुनी प्रत आहे, त्याला ती उघडून नेमके कोणते पान पाहायचे हे त्या यादीवरून कळेल.